सहीच्या वर, त्याच पानावर

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेल वाचला. ‘करारात जर्मन कायदा लागू असं लिहिलंय, मग कोर्टही जर्मनीचंच ना?’ नाही गं. कायदा कुठला हे युरोपीय संघाची रोम-१ नियमावली बघते, कोर्ट कुठलं हे त्याच संघाची ब्रुसेल्स-१, म्हणजे नियमावली क्रमांक १२१५/२०१२. एकावरून दुसरं ठरत नाही. कोर्टाचं वाक्य वेगळं हवं, आणि ते सहीच्या वर, त्याच पानावर हवं.

मी हे शिकलो ते अशिलाच्या पैशांवर. चाकणचा कारखानदार, माल इटलीला जायचा. वाद झाला तर जर्मनीतलं कोर्ट, हे कलम आमच्याच कोटेशनच्या मागे, फिक्या राखाडी बारीक अक्षरांत. पुढच्या बाजूला दोघांच्या सह्या, पण ‘मागील अटी लागू’ एवढे तीन शब्दही कुठे नव्हते. जर्मन कोर्टानं दावा ऐकायलाच नकार दिला. आठ महिने वाया गेले. एस्टासिस सालोटीच्या निकालात लक्झेंबर्गच्या न्यायालयानं, म्हणजे युरोपच्या सामायिक वरिष्ठ न्यायालयानं, १९७६ सालीच सांगून ठेवलंय: सही केलेल्या मजकुरात मागच्या अटींचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर नुसत्या छपाईनं संमती सिद्ध होत नाही. निकाल मला पाठ होता. कागद उलटून पाहायचं मात्र सुचलं नाही.

आता हायपरलिंकही चालते, म्हणशील. चालते. २०२२ च्या टिलमन निकालात, लुगानो कराराखाली (युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंडसारखे शेजारी यांच्यातला असाच कोर्ट ठरवणारा करार), ती मान्य झाली. पण तिथेही सही केलेल्या करारात त्या अटींचा उल्लेख होता, आणि तरी प्रकरण लक्झेंबर्गपर्यंत गेलंच. तुझ्या अशिलाला तेवढा दम आहे का? मग लिही ना सहीच्या वर!

पूर्वी समोरचा आधी मंद कोर्टात धाव घेऊन वर्षानुवर्षं अडकवून ठेवायचा. २०१५ पासून ब्रुसेल्स-१ च्या कलम ३१(२) मुळे तुम्ही एकमेव म्हणून ठरवलेल्या कोर्टात दावा गेला की दुसऱ्या कोर्टानं थांबायचं. एवढं मोठं कवच हाताशी असताना ते मागच्या पानावर का ठेवायचं?

एका ओळीसाठी सौदा अडवतो, असं माझ्याबद्दल बोलतात. अडवतो. त्या कारखानदाराचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही.

मसुदा उद्या सकाळी पाठव. मागची बाजूही स्कॅन कर.