दाखला सरकारचाच, मग पुन्हा का मागायचा?

प्रश्न : सरकारी सेवा ऑनलाइन झाल्या, तरी प्रत्येक अर्जाला तीच कागदपत्रे स्कॅन करून जोडावी लागतात आणि त्यांतील बहुतेक दाखले सरकारनेच दिलेले असतात. मग सुधारणा ती काय झाली?

उत्तर : आपण दुखऱ्या जागेवरच बोट ठेवले आहे. बऱ्याच ठिकाणी कागदी अर्ज जसाच्या तसा संगणकावर चढवला गेला, पण त्यामागची कार्यपद्धती तीच राहिली. त्यामुळे एका खात्याचा दाखला दुसऱ्या खात्यात पोहोचवण्याची हमाली अर्जदाराच्याच माथी आली.

युरोपातील एस्टोनिया या देशाने 2001 साली सरकारी खात्यांना एकमेकांशी जोडणारी ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था सुरू केली. तीत सर्वांची माहिती एकाच ठिकाणी गोळा केलेली नसते. ती ज्या त्या खात्याकडे राहते आणि दुसऱ्या खात्याला अधिकार असेल तेवढीच सुरक्षितपणे मागवता येते. आपली माहिती कोणत्या खात्याने पाहिली, हे नागरिकाला बऱ्याच अंशी तपासता येते. माझ्या मते वेगापेक्षा ही सोय मोलाची, कारण खाती एकमेकांना जोडली की पाळत ठेवणेही सोपे होते. अर्थात, एका नोंदीत नाव एका तऱ्हेने आणि दुसरीत भलत्याच तऱ्हेने लिहिलेले असेल, तर जोडणी तिथेच अडते. म्हणून नोंद दुरुस्त करून घेण्याचा सोपा मार्ग आधी हवा.

काही सुधारणांना मात्र एवढा खटाटोपही लागत नाही. छायाचित्राची फाइल किंचित मोठी निघाली की ‘अवैध फाइल’ एवढेच शब्द उमटतात, मर्यादा किती ते कळत नाही, आणि फाइल लहान करून आणेपर्यंत वेळ संपून भरलेला अर्ज कोरा होतो. मर्यादा त्या रकान्याशेजारीच लिहिणे आणि अर्धवट अर्ज आपोआप जतन करणे, हे काम फार खर्चाचे नाही. अर्ज भरणाऱ्या माणसाशेजारी बसून तो कुठे अडखळतो हे कोणी पाहिलेले नसते, एवढेच. ब्रिटनमध्ये 2011 साली स्थापन झालेल्या सरकारी डिजिटल सेवा विभागाने अशा चाचण्यांना कामाचा नियमित भाग बनवले.

ज्यांना ऑनलाइन व्यवहार जमत नाही, त्यांच्यासाठी खिडकी उघडी ठेवावीच लागेल. डेन्मार्कने 2014 साली सरकारी टपाल डिजिटल स्वरूपात घेणे सक्तीचे केले, तेव्हाही अशा नागरिकांना सूट मागण्याची मुभा ठेवली होती.

किती सेवा ऑनलाइन आणल्या, हा आकडा खात्यांना आवडतो; आपण मात्र किती अर्ज अर्ध्यावर सोडले गेले आणि नेमक्या कोणत्या पानावर, हे विचारावे.