माऊस रुसला, स्क्रीन गोठली: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेची बहुतेक पत्रं विंडोज १० आणि ११ वाल्यांची आहेत, त्यामुळे उत्तरंही तेवढ्यापुरतीच. बटणांच्या मध्ये + असेल तर आधीचं बटण दाबून धरून पुढचं दाबायचं. स्वल्पविराम असेल तर पहिलं सोडून मग दुसरं. जोडणीतलं 'विंडोज' म्हणजे कीबोर्डवरचं खिडकीच्या चिन्हाचं बटण. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमन हवेत.

प्रश्न: संगणक हँग झाला की मी कंट्रोल + ऑल्ट + डिलीट दोन-तीनदा दाबतो आणि काही घडलं नाही तर सरळ पॉवरचं बटण. मुलगा म्हणतो, असं करू नका. मग करायचं काय? (एक हिशेबनीस, सांगली)

मुलाचं ऐका. आधी कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा बघा. लागला-विझला तर विंडोज शाबूत आहे, अडकलाय तो एखादा प्रोग्रॅम. दिवा ढिम्म असेल तर गाडं खरोखर अडलंय. (काही वायरलेस कीबोर्डना हा दिवाच नसतो, तिथे ही परीक्षा चालत नाही.)

प्रोग्रॅमच्या वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं म्हणजे तो मेला असं समजू नका. प्रोग्रॅमने ५ सेकंद विंडोजला प्रतिसाद दिला नाही की ती पाटी लागते. एक्सेलची मोठी फाइल पेन ड्राइव्हवर सेव्ह होताना हे हमखास दिसतं, आणि नेमक्या त्याच वेळी एक्सेल मारला तर फाइल अर्धवट लिहिलेली राहते. तेव्हा मिनिटभर हात आवरा.

तरी हालचाल नसेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमांची यादी) थेट उघडतो, मधला निळा किंवा काळा पडदा लागत नाही. बाणांच्या बटणांनी अडकलेल्या प्रोग्रॅमवर जा आणि डिलीट दाबा. 'नक्की का?' असं विचारलं जाईलच या भरवशावर राहू नका, आणि एक्सेलच्या तीन फाइली उघड्या असतील तर बहुधा तिन्ही एकदम जातात. खालचा टास्कबारच गायब झाला असेल तर टास्क मॅनेजरमधल्या 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर टाइप करून एंटर मारा, टास्कबार परत येतो.

स्क्रीन काळी पडली, पण आतून गाण्याचा आवाज चालू आहे, अशा वेळी विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी. एक बारीकसा बीप येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो. उघडे प्रोग्रॅम बंद होत नाहीत. स्लीपमधून उठताना काळ्या राहणाऱ्या स्क्रीनवर हा उपाय आधी करून बघा. फारच थोड्यांना तो माहीत असतो.

कंट्रोल + ऑल्ट + डिलीटची पाळी यानंतर. ही तीन बटणं १९८१च्या आयबीएम पीसीवर डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने बसवली, ती संगणक नव्याने सुरू करण्यासाठी. आधी त्याने कंट्रोल + ऑल्ट + एस्केप ठेवलं होतं, पण ते डाव्या हाताने चुकून दाबलं जायचं, म्हणून दोन्ही हात गुंतवणारी जोडणी निवडली. आजच्या विंडोजमध्ये हा इशारा खुद्द कार्यप्रणालीकडे जातो, मधला कुठलाही प्रोग्रॅम तो अडवू शकत नाही. म्हणून बाकी काही चालत नसताना हा चालतो. त्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचं चिन्ह आहे. कंट्रोल दाबून धरून त्यावर क्लिक केलं तर 'इमर्जन्सी रीस्टार्ट' समोर येतं. सेव्ह न केलेलं सगळं जातं, तेव्हा शेवटून दुसरा उपाय म्हणूनच.

शेवटचा म्हणजे पॉवरचं बटण, संगणक बंद होईपर्यंत दाबून धरून. विंडोज डिस्कवर लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत साठवते. बटण दाबलं की तो तिथेच जातो. डिस्कची आतली मांडणी विंडोज स्वतः ठेवत असलेल्या बदलांच्या नोंदवहीच्या आधारे सावरली जाते, तुमच्या ताळेबंदाला तसा आधार नसतो.

प्रश्न: प्रिंटर एकाच पानावर अडकतो. रांगेतलं काम डिलीट केलं तरी 'डिलिटिंग' असं लिहून तिथेच बसतं आणि मागची गिऱ्हाइकं खोळंबतात. दर वेळी संगणक बंद-चालू करावा लागतो. (झेरॉक्स व टायपिंग सेंटर, बार्शी)

संगणक बंद करायची गरज नाही, चार ओळींचं काम आहे. छपाईची रांग सांभाळणारी 'प्रिंट स्पूलर' नावाची सेवा प्रत्येक कामासाठी डिस्कवर सहसा दोन फाइली बनवते, एकीत छापायचा मजकूर आणि दुसरीत कामाची माहिती. प्रिंटरने मध्येच प्रतिसाद थांबवला की स्पूलर त्या फाइली धरून बसतो, म्हणून डिलीट दाबूनही त्या हलत नाहीत. स्पूलर थांबवायचा, फाइली काढायच्या, स्पूलर पुन्हा सुरू करायचा.

आधी प्रिंटरचा स्विच बंद करा. त्याच्या स्वतःच्या मेमरीत अर्धं पान असतं. तो चालूच ठेवला तर रांग साफ झाल्यावरही चित्रविचित्र अक्षरांची पानं बाहेर पडतात. मग विंडोज + आर, चौकटीत सी-एम-डी, आणि नुसतं एंटर न मारता कंट्रोल + शिफ्ट + एंटर. त्यामुळे काळी खिडकी प्रशासकाच्या हक्काने उघडते. परवानगी विचारली की ऑल्ट + वाय. आता एकेक ओळ, प्रत्येकीनंतर एंटर:

नेट स्टॉप स्पूलर
डी-ई-एल /क्यू /एफ "%सिस्टिमरूट%\सिस्टिम३२\स्पूल\प्रिंटर्स\*.*"
नेट स्टार्ट स्पूलर
एक्झिट

पहिल्या ओळीला 'सिस्टिम एरर ५' आलं तर खिडकी साध्या हक्काने उघडली आहे, कंट्रोल + शिफ्ट राहून गेलं. दुसरी ओळ 'फाइल वापरात आहे' म्हणाली तर स्पूलर थांबलेलाच नाही. त्या ओळीत /क्यू असल्याने आज्ञा काही न विचारता पुसत जाते, तेव्हा एंटर मारण्याआधी मार्ग अक्षरन् अक्षर तपासा. 'प्रिंटर्स' हा फोल्डर रिकामा करायचा आहे, फोल्डर पुसायचा नाही. आणि त्या संगणकावरच्या सगळ्या प्रिंटरांची सगळी कामं जातात, फक्त अडकलेलं नव्हे. मागच्या गिऱ्हाइकांची कामं पुन्हा पाठवावी लागतील.

दुकानात रोज लागणार असेल तर पहिल्या तीन ओळी नोटपॅडमध्ये लिहून फाइलीच्या नावाला .बॅट असं शेपूट लावून डेस्कटॉपवर ठेवा. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडायला विसरलात तर नोटपॅड मागे .टी-एक्स-टी चिकटवतो आणि डबल क्लिक केल्यावर नुसता मजकूर उघडतो. वापरताना उजवं क्लिक आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'.

ठरावीक पीडीएफवरच अडत असेल तर दोष रांगेचा नाही. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' उघडून 'प्रिंट ॲज इमेज'वर खूण करा. छपाई थोडी हळू होईल, पण पान अडकायचं थांबतं.

प्रश्न: पासवर्ड बरोबर टाकूनही संगणक 'चुकीचा' म्हणतो. थोड्या वेळाने तोच पासवर्ड चालतो. मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. (शिक्षिका, चिपळूण)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड मराठीतच राहिलेला असतो आणि पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्याने ते कळत नाही. उजवीकडे खाली भाषेचं चिन्ह बघा आणि विंडोज + स्पेस दाबून इंग्रजी आणा. मघाच्या काळ्या खिडकीतल्या आज्ञांचंही तेच: अक्षरांऐवजी चौकोन उमटले तर आधी भाषा बदला.

कीबोर्ड 'आपोआप' बदलतो असं अनेकांना वाटतं, त्याचं कारण डावं ऑल्ट + शिफ्ट. हीही भाषा बदलायचीच जोडणी आहे आणि मजकूर निवडताना किंवा खिडक्या पालटताना ती नकळत दाबली जाते. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' (विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस'), 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' असं जाऊन 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये 'नॉट असाइन्ड' करून टाका. विंडोज + स्पेस चालूच राहतं, आणि तेवढं पुरे.

'दुसर्या' असं उमटतं हीसुद्धा तुमची तक्रार आहे. इनस्क्रिप्टमध्ये साध्या र साठी जे आणि नुक्त्याच्या ऱ साठी शिफ्ट + जे. शिफ्ट + जे, मग डी (हलन्त), मग तिरकी रेघ (य), मग ई (काना). 'ऱ्या' नीट येतो.

प्रश्न: शाळेच्या प्रयोगशाळेत माऊस अचानक बंद पडतात. मुलं घाबरून वायर उपटतात. माऊसशिवाय संगणक नीट बंद करता येतो का? (संगणक शिक्षक, बेळगाव)

विंडोज + एक्स, यू, यू. एवढंच. दुसऱ्या यू ऐवजी आर दाबलं तर रीस्टार्ट. कामं सेव्ह व्हायची असतील तर त्याआधी प्रत्येक खिडकीत कंट्रोल + एस, ऑल्ट + एफ४.

तास मध्येच सोडायचा नसेल तर डावं ऑल्ट + डावं शिफ्ट + नम लॉक दाबा आणि समोर आलेल्या प्रश्नाला एंटर मारा. उजवीकडचे आकडे आता माऊस झाले: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ५ म्हणजे क्लिक, + म्हणजे डबल क्लिक. उजव्या क्लिकसाठी आधी - दाबून मग ५, आणि डाव्यावर परत यायला /. ओढून न्यायचं असेल तर ० ने धरायचं, टिंबाने सोडायचं. बाण हलला नाही तर नम लॉक एकदा दाबून पाहा. आकड्यांचा वेगळा भाग नसलेल्या लॅपटॉपवर हे जमणार नाही.

मुलांनी खेळताना शिफ्ट पाचदा दाबलं की 'स्टिकी कीज'ची चौकट येते, आणि उजवं शिफ्ट ८ सेकंद धरलं की 'फिल्टर कीज'ची. दुसरीला कुणी 'येस' म्हटलं की कीबोर्ड बिघडल्यासारखा वागतो, झटपट मारलेली अक्षरं उमटतच नाहीत. नवा कीबोर्ड मागवण्याआधी सेटिंग्जच्या 'ॲक्सेसिबिलिटी'त (विंडोज १० मध्ये 'ईज ऑफ ॲक्सेस'मध्ये) डोकावा.

प्रश्न: प्रोजेक्टर काढल्यावर एका प्रोग्रॅमची खिडकी दिसेनाशी झाली. टास्कबारवर आहे, पण क्लिक केलं तरी समोर येत नाही. (पुणे)

ती आता नसलेल्या पडद्यावर उघडी आहे. टास्कबारवर क्लिक करून ती निवडा, मग ऑल्ट + स्पेस, एम, कुठलाही एक बाण, आणि माऊस हलवा. खिडकी माऊसला चिकटून येते. क्लिक करून सोडा. 'मूव्ह' फिकट दिसत असेल तर खिडकी मॅक्सिमाइझ आहे, आधी ऑल्ट + स्पेस, आर.

प्रश्न: डाउनलोड रात्री संपतं. तासाभराने संगणक आपोआप बंद व्हावा यासाठी सॉफ्टवेअर सुचवा. (ठाणे)

सॉफ्टवेअर कशाला? विंडोज + आर, आणि शटडाउन /एस /टी ३६००. शेवटचा आकडा सेकंदांचा. बेत बदलला तर शटडाउन /ए. मात्र वेळ शून्याहून जास्त दिली की विंडोज उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करते, 'सेव्ह करू का' या प्रश्नापाशी थांबत नाही. निजायला जाण्याआधी वर्ड बंद करा.

याच पत्रात विचारलंय की रोज बंद करूनही टास्क मॅनेजर 'अप टाइम' १२ दिवस का दाखवतो. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते, किंवा शिफ्ट धरून शट डाउन केल्याने.

प्रश्न: संगणक वेगवान व्हावा म्हणून मी दिवसातून अनेकदा रिफ्रेश करतो आणि प्रीफेच फोल्डर रिकामा करतो. आणखी काय करू? (नांदेड)

दोन्ही थांबवा. डेस्कटॉपवरचं एफ५ फक्त चिन्हं पुन्हा रंगवतं, मेमरीला ते शिवतही नाही. प्रीफेचमध्ये कुठला प्रोग्रॅम उघडताना काय लागतं याच्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट हळू उघडतात. %टेम्प% हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रिकामा करायला हरकत नाही, जागा मिळेल, वेग नाही. त्यापेक्षा टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात जाऊन नको ते प्रोग्रॅम 'डिसेबल' करा.

प्रश्न: एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबलं की पुढच्या चौकटीत न जाता सगळं पानच सरकतं. लॅपटॉपवर स्क्रोल लॉक नाही. (रत्नागिरी)

बटण नसलं तरी स्क्रोल लॉक लागलेलं आहे. विंडोज + कंट्रोल + ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड आणा आणि त्यावरचं 'स्क्र-एल-के' एकदा दाबा.