पुतळ्यांच्या माळेतली पुतळी नक्की कोणाची?

प्रश्न असा होता की पुतळ्यांच्या माळेतल्या गोल चकत्यांना पुतळी का म्हणतात, पुतळाबाईंवरून का? नाही हो, पुतळाबाईंचा काही संबंध नाही. पुतळी म्हणजे छोटी मूर्ती, बाहुली, आणि ही बाहुली आलीये थेट इटलीतल्या व्हेनिसहून.

व्हेनिसने १२८४ मध्ये डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली, वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम पण सोनं अगदी शंभर नंबरी, आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत त्यावरचं चित्र जवळपास तेच राहिलं. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्याकडून झेंडा घेणारा गुडघे टेकलेला डोज (तिथला निवडून दिलेला राजाच म्हणा), दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या मधोमध येशू. मिरी, कापड वगैरेच्या बदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रामार्गे आपल्याकडे यायची. इथल्या माणसाला ना लॅटिन येत होतं ना मार्क माहीत होता, त्याला दिसल्या त्या उभ्या-बसलेल्या आकृत्या, झालं, पुतळी! सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातली नाणी दिलीयेत त्यात होन, मोहरांसोबत पुतळ्याही आहेत.

मग दागिन्यासाठी आपल्या सोनारांनी स्वतःचे ठसे केले, त्यात लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या, आणि आता माळेतल्या पुतळीवर लक्ष्मी नाहीतर रामसीता असतात, मार्क आणि डोज बिचारे गेले.

डुकाट हा शब्द नाण्यावरच्या ओळीतल्या शेवटच्या 'दुकातुस'वरून आला असं बरेच जण सांगतात, पण ते तितकंसं खरं नाही, कारण सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरने ११४० मध्ये काढलेल्या चांदीच्या नाण्यालाही डुकाटच म्हणायचे.

मला स्वतःला मजा वाटते ती या नाण्याच्या दुसऱ्या नावाची, झेक्किनो. व्हेनिसच्या टांकसाळीला म्हणायचे झेक्का, तो शब्द अरबी 'सिक्का'वरून, म्हणजे नाण्याचा ठसा, आणि आपला शिक्का पण तोच! झेक्किनोचं फ्रेंचमधून इंग्रजीत झालं सीक्विन, आणि आता लग्नाच्या साडीवर चमचमणाऱ्या टिकल्यांना दुकानदार सीक्विन वर्क म्हणतो ना, ते हेच. म्हणजे गळ्यात पुतळ्यांची माळ आणि अंगावर सीक्विनची साडी असेल तर नाणं एकच, फक्त दोन वेगळ्या वाटांनी आलेलं.