जैसलमेर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कापसाचे दोन वेचे घरात आले की सहलीबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीच पत्रं जैसलमेरबद्दल आहेत. सगळ्यांना वाळूवरचा सूर्यास्त आणि उंटाची सवारी हवी आहे. ती जरूर करा, पण हे गाव आठशेहून जास्त वर्षं टिकलं ते दगड आणि पाणी नीट हाताळलं म्हणून. तेवढं पाहायला वेळ ठेवा, एवढीच आमची विनंती.

घरची पाच माणसं आहोत. आई सत्तरीची, तिचे गुडघे दुखतात. तुरीच्या सोंगणीआधी आठ-नऊ दिवस मिळतात. कधी आणि कसं जावं?
*— शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ*

भाऊ, डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. नाताळपासून एक जानेवारीपर्यंत गर्दी उसळते आणि खोल्यांचे भाव चढतात. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. माघी पौर्णिमेला संपणारा तीन दिवसांचा मरू महोत्सव पाहायचा असेल तर बुकिंग फार आधी करावं लागतं.

बडनेऱ्याहून भुसावळ-सुरतमार्गे अहमदाबादला थेट गाड्या आहेत. तिथून जोधपूर आणि पुढे सुमारे ३०० किलोमीटरवर जैसलमेर. अहमदाबादला दोन गाड्यांमध्ये किमान चार-पाच तास ठेवा, कारण लांबून येणारी गाडी उशिरा आली तर पुढचं आरक्षण वाया जातं. जोधपूरच्या काही गाड्या अहमदाबाद स्टेशनाऐवजी साबरमतीहून सुटतात. तिकिटावर कोणतं स्टेशन आहे ते घरीच वाचून घ्या. सामान घेऊन ऐन वेळी स्टेशन बदलणं आईंना झेपणार नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. खालचा बर्थ मिळावा म्हणून आईंचं वय फॉर्मवर नीट भरा. जाताना जोधपूरला एक दिवस थांबलात तर तिथला मेहरानगड किल्ला पाहून होतो आणि अंगही मोकळं होतं.

जैसलमेरला तीन पूर्ण दिवस द्या. दोन रात्री गावात, एक वाळूत. पहिल्या दिवशी सकाळी आठच्या आत किल्ल्यावर पोहोचा. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडत वळणावळणाची दगडी चढण आहे. फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे, म्हणून रबरी तळव्याचे बूट घाला. वरची जैन मंदिरं बाहेरच्या लोकांना साधारण दुपारी बारापर्यंतच पाहता येतात. कातडी पट्टा आणि पाकीट आत चालत नाही. दुपारी पोहोचणारे नेमके इथेच चुकतात आणि बंद दार पाहून परततात.

हवेल्यांपैकी पटव्यांची हवेली सगळे पाहतात. आईंना तिथले जिने चढवू नका. खालच्या गल्लीत उभं राहूनच तिची नक्षी उत्तम दिसते. नथमलची हवेली मात्र चुकवू नका. हाथी आणि लालू या दोन भावांनी तिचा एकेक अर्धा भाग घडवला, असं सांगतात. समोर उभे राहा, मधोमध नजरेनं रेघ ओढा आणि डावी-उजवीकडच्या खिडक्या एकेक करून ताडून पाहा. लांबून जोडी वाटते, पण जवळून कोरीवकाम जुळत नाही. यात अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

आईंसाठी गडीसर तलाव सकाळी आणि व्यास छत्री (जुनी दगडी स्मारकं) संध्याकाळी ठेवा. दोन्हीकडे चढण जवळजवळ नाही आणि छत्रीवरून मावळतीच्या उन्हातला अख्खा किल्ला दिसतो. रात्री पारा सात-आठ अंशांवर, कधी त्याखालीही उतरतो. दिवसा मात्र ऊन लागतं. म्हणून एक जाड स्वेटर, कानटोपी आणि आपला नेहमीचा दुपट्टा असा थर घ्या. हवा कोरडी असल्यानं घाम जाणवत नाही आणि तहानही उशिरा लागते. थंडीतही दर तासाला पाणी पाजत राहा.

किल्ल्याच्या आत राहायच्या खोल्या मिळतात असं ऐकलं. आत राहणं चांगलं की बाहेर?
*— वाचक, अंजनगाव सुर्जी*

बाहेर. याबाबत आमचं मत ठाम आहे.

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये हा किल्ला वसवला. त्याला ९९ बुरूज आहेत आणि आजही आत माणसं नांदतात. इथली पिवळ्या दगडाची जुनी बांधणी बरीचशी चुन्याविना आहे. दगडावर दगड खाचेत बसवायचा आणि लोखंडी पट्टीनं आवळायचा. वर्षाला वीस सेंटिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात ती शतकं टिकली, कारण घरात पाणी घागरीनं यायचं आणि मोजून वापरलं जायचं.

मग नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. गळकं सांडपाणी टेकडीच्या पोटातल्या मातीच्या थरात मुरू लागलं. ती माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. वरच्या बिनचुन्याच्या भिंतीला ही हालचाल सोसत नाही. १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले ते यामुळेच. २०१३ मध्ये हा किल्ला राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेला, पण पाण्याचं दुखणं यादीनं थांबत नाही. काळ्या मातीवर बांधलेल्या घराच्या भिंती उन्हाळ्यात कशा तडकतात हे आपण दरवर्षी पाहतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला तरी चटकन कळावी. किल्ला पाहायला जा, आतल्या लोकांच्या दुकानांतून खरेदी करा. अंघोळ आणि मुक्काम पायथ्याशी करा.

लग्नानंतर पहिल्यांदाच जातोय. वाळूतल्या तंबूत एक रात्र घालवायची आहे. सम बरं की खुरी? फसवणूक होऊ नये म्हणून काय विचारावं?
*— नवदांपत्य, आर्वी, जि. वर्धा*

सम जैसलमेरपासून ४० किलोमीटरच्या थोडं पुढे आहे. टेकड्या मोठ्या, सोयी भरपूर आणि रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी. खुरी नैऋत्येला, अंतर जवळपास तेवढंच. टेकड्या लहान आणि गर्दी कमी. दोघांनाच शांत बसायचं असेल तर खुरीला जा.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचं ते असं. तंबूपासून वाळू चालत किती मिनिटांवर आहे? ‘समचा कॅम्प’ म्हणून दाखवलेले कितीतरी तंबू डांबरी रस्त्यालगतच्या सपाट माळावर असतात. उंटाची सवारी किती मिनिटांची आणि एका उंटावर किती जण? जीपचे पैसे त्यातच की वेगळे? न्हाणीघर तंबूला लागून आहे का, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, माणशी किती रजया? आणि मंगणियार (तिथले पिढीजात लोकगायक) येणार की नुसता डीजे? कमायचा आणि खरताल ही वाद्यं घेऊन बसलेले मंगणियार असतील तर तो कॅम्प चार पैसे जास्त देऊनही घ्या. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. तोंडी कबुली तिथे पोहोचल्यावर बदलते.

उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी मोडतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. दोन्ही वेळा पलाणाची मूठ घट्ट धरून मागे रेला. बेसावध माणूस पडतो तो याच दोन क्षणी. मांड्यांची कातडी सोलवटते म्हणून फुल पँट किंवा सलवार घाला. साडीत उंटगाडी बरी. अर्धा-पाऊण तास पुरे, त्याहून जास्त बसलात तर दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. वाळूत उड्या मारणारी जीप पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळावी.

टेकडी चढताना बाजू निवडा. वारा येतो त्या बाजूचा उतार लांब, सौम्य आणि दाबून बसलेला असतो. तिथे बारीक लाटांची नक्षी दिसते आणि पाय फारसा रुतत नाही. पलीकडची बाजू तीस-चौतीस अंशांची, भुसभुशीत. तिथून दोन पावलं चढलं की एक पाऊल घसरतं. चढा सौम्य बाजूनं, उतरा तीव्र बाजूनं. मोबाईल पिशवीत ठेवा, कारण चार्जिंगच्या भोकात गेलेली वाळू सहज निघत नाही.

कुलधरा हे भुताचं गाव म्हणतात. तिथे जाण्यात अर्थ आहे का?
*— सेंद्रिय शेती करणारा वाचक, ता. देवळी*

अर्थ आहे, पण भुतासाठी नाही. शेतकऱ्यानं तर हे गाव पाहावंच.

कुलधरा समच्या रस्त्यावरून आत वळून, जैसलमेरपासून साधारण १८ किलोमीटरवर आहे. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. दिवाण सालिमसिंहाच्या जाचामुळे ८४ गावं एका रात्रीत उठली, अशी कथा सांगतात. पण जाचक कर आणि आटत गेलेलं पाणी ही कारणं जास्त पटतात.

पालीवालांची खरी कमाई म्हणजे खडीन. बहुधा पंधराव्या शतकापासून या भागात ती आहे. भोवतीची जमीन खडकाळ, त्यामुळे पडलेला पाऊस मुरत नाही, वाहतो. हे वाहतं पाणी जिथे सखल भागात गोळा होतं, तिथे खालच्या कडेला १०० ते ३०० मीटर लांबीचा मातीचा बांध घालतात. जास्तीचं पाणी जायला सांडवा आणि तळाशी मोरी. पावसाळाभर शेतातच पाणी उभं राहतं, गाळ बसतो, क्षार धुऊन जातात. कार्तिकाच्या सुमारास पाणी जिरलं की त्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरायचा. पुढे एकही पाणी द्यावं लागत नाही. पेरणीपर्यंत पाणी उरलंच तर मोरी उघडायची. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली की पाझराचं पिण्याचं पाणीही मिळतं.

यातलं गणित लक्षात घ्या. एक एकर खडीन भिजवायला वरची पंधराएक एकर जमीन मोकळी लागते. ती नांगरली किंवा मधून रस्ता गेला की खडीन कोरडी पडते. सांडवा बुजला तर पहिल्याच जोराच्या पावसात बांध फुटतो.

मात्र गावी परतून हे जसंच्या तसं करू नका. आपल्याकडे पाऊस त्याच्या कितीतरी पट आणि माती काळी. त्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसाळ्यात त्याच भेगेतून फुटतो. कपाशीच्या मुळाशी पाणी साचलं तर झाड पिवळं पडतं. आपल्या मातीला जुळणारी अशी व्यवस्था भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत आणि धानाच्या बोड्यांत आहे. खडीन पाहिलीत की बोडीकडे नव्यानं पाहाल, हे नक्की.

कुलधरा सकाळी करा. सूर्यास्तानंतर आत थांबू देत नाहीत. पडक्या भिंतींवर चढू नका, दगड नुसते रचलेले आहेत.

तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होतं का? मी सैन्यभरतीची तयारी करतोय.
*— तरुण वाचक, ता. सिंदखेड राजा*

होतं. सकाळी सातला निघायचं. जैसलमेर, रामगड, तनोट, लोंगेवाला आणि रामगडमार्गे परत, असा पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा फेरा आहे. इंधन रामगडलाच भरून घ्या. पुढे मोबाईलचं नेटवर्क तुटक आहे, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आधार कार्ड जवळ असू द्या. तनोटच्या पुढे सीमेच्या चौकीपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते.

तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ च्या युद्धात इथे पडलेले न फुटलेले तोफगोळे आत ठेवले आहेत. लोंगेवाल्याला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली २३ पंजाब या बटालियनच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा हल्ला पहाटेपर्यंत रोखून धरला. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत टिकून राहणं हेच मोठं काम होतं. शत्रूचे कितीतरी रणगाडे वाळूत रुतले आणि सकाळी विमानांच्या माऱ्यात सापडले. तिथल्या मऊ वाळूत शंभर पावलं धावून पाहा, त्या रात्रीचा अंदाज येईल.

शाळेच्या निसर्ग मंडळाची मुलं नेणार आहोत. माळढोक दिसेल का?
*— शिक्षिका, ता. वरोरा*

ताई, तुमच्या तालुक्यातल्या माळांवर हा पक्षी होता, म्हणून मुलांना तो दाखवायची तुमची ओढ समजते. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये समजवळच्या सुदासरी भागात पहाटे जा. दिसेलच असं वचन देता येत नाही, कारण निसर्गात आता दीडशेच्या आत पक्षी उरले असावेत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. शरीर जड, डोळे बाजूला, समोरचं कमी दिसतं. त्यामुळे विजेच्या तारा ऐनवेळी दिसतात आणि त्याला वळता येत नाही. मुलांना हे तारांकडे बोट दाखवून सांगा. चिंकारा आणि गिधाडं बहुधा दिसतील. मुलांना भडक कपडे घालू नका आणि गाडीतून उतरवू नका. जमल्यास बाडमेर रस्त्यावरचं आकल जीवाश्म उद्यानही दाखवा, १७ किलोमीटरवर आहे. जुरासिक काळातली झाडांची खोडं तिथे दगड होऊन पडली आहेत.

तिकडून केर-सांगरी आणली. भाजी केली तर कडू आणि चामट झाली. काय चुकलं?
*— गृहिणी, मूर्तिजापूर*

भिजवणं कमी पडलं असावं. सांगरी म्हणजे दसऱ्याच्या आपल्या शमीच्या कोवळ्या शेंगा वाळवलेल्या. बारीक, काळसर आणि तारेसारखी असेल ती चांगली. जाड शेंग जून असते, ती कितीही शिजवा, चामटच राहते. केर म्हणजे तिकडच्या काटेरी झुडपाचं छोटं फळ, ते जितकं लहान तितकं उत्तम.

१०० ग्रॅम सांगरीला २५ ग्रॅम केर घ्या. सांगरी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, वाळू जाते. मग रात्रभर भिजवा. केर वेगळं, आंबट ताकात रात्रभर. त्याचा कडूपणा ताकात उतरतो. सकाळी दोन्ही धुऊन, मीठ-हळद घालून सांगरी बोटानं तुटेपर्यंत शिजवा आणि पाणी पूर्ण निथळा. पाच-सहा मोठे चमचे शेंगदाण्याच्या तेलात जिरं, हिंग, तीन-चार सुक्या मिरच्या, मग दोन चहाचे चमचे धणेपूड आणि तिखट. त्यात भाजी घालून दहा मिनिटं परता. शेवटी एक चमचा आमचूर आणि मूठभर मनुका. कांदा, लसूण, काळा मसाला नको आणि रस्साही नको. तिकडे ही भाजी बाजरीच्या भाकरीशी किंवा बाटीशी खातात. आपल्याकडे गोवरीवर भाजलेल्या रोडग्यांसोबत ती तितकीच जमते. तेल पुरेसं असेल तर दोन दिवस टिकते, म्हणून परतीच्या डब्यालाही चालते.