गरम झाल्यावर मंदावणारा कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर: पंप बदलण्याआधी काय तपासावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर (चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे, पुढे बकेट असलेले छोटे यंत्र) सकाळी पूर्ण ताकदीने चालतो, परंतु दीड-दोन तासांच्या कामानंतर त्याचा वेग घटतो, भरलेले बकेट उचलताना तो अडखळतो, सरळ चालवताना डावीकडे ओढ घेतो आणि अर्धा तास बंद ठेवला की पुन्हा पूर्ववत होतो. मेकॅनिकने ड्राइव्ह पंप, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या मोटरना दाबाखाली ऑइल पुरवणारा पंप, बदलण्यास सांगितले आहे, आणि तो सल्ला मानावा का, असे आपण विचारता. माझे उत्तर स्पष्ट आहे: इतक्यात मानू नये. पंप झिजलेला असू शकतो. पण तुंबलेला कूलर, अति पातळ झालेले ऑइल आणि झिजलेला पंप ही तिन्ही कारणे सीटवर बसलेल्या ऑपरेटरला अगदी सारखीच जाणवतात. फरक कळतो तो केवळ मोजमापाने.

पहिला प्रश्न असा, की नेमके मंदावते काय? यंत्र गरम होऊन सुस्तावले की थ्रॉटल पूर्ण ठेवून भार द्यावा आणि इंजिनाच्या आरपीएमकडे पाहावे. सकाळच्या तुलनेत आरपीएम जास्त पडत असेल, तर शोध इंजिनाकडून सुरू करावा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे होज पाइप आणि कंट्रोलरमध्ये साठलेले फॉल्ट कोड. कूलंट किंवा हायड्रॉलिक ऑइल ठरावीक तापमानाच्या वर गेले की अनेक नव्या यंत्रांचा कंट्रोलर इंजिनाची ताकद स्वतःहून कमी करतो; ऑपरेटरला तो बिघाड वाटतो, प्रत्यक्षात ते संरक्षण असते. याउलट आरपीएम स्थिर आहे, इंजिनाचा आवाज बदललेला नाही आणि तरीही ट्रॅक व लिफ्ट आर्म मंद झाले आहेत, असे दिसले तर ऑइल आतल्या आत गळून वाया जात आहे असे समजावे. ही एक गोष्ट निश्चित झाली की अर्धी तपासणी वाचते.

त्यानंतर दोन दिवस एक साधी नोंद ठेवावी: दर अर्ध्या तासाला हायड्रॉलिक ऑइलचे तापमान आणि त्याच वेळचे बाहेरच्या हवेचे तापमान. या दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे, एकटा आकडा नव्हे. समजा, हवा २५ अंश सेल्सिअस असताना ऑइल ६८ अंशांवर स्थिरावते आणि हवा ४२ अंश असताना ८५ वर. दोन्ही वेळा फरक ४३ अंशांचाच आहे. म्हणजे यंत्र आहे तसेच आहे, वाढली आहे ती केवळ हवेची उष्णता. अशा वेळी उत्पादकाने उष्ण हवामानासाठी सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल भरलेले आहे का, हे आधी पाहावे. ४६ ग्रेडच्या साध्या हायड्रॉलिक ऑइलचा दाटपणा ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असतो आणि १०० अंशांना तो जेमतेम ७ च्या आसपास उरतो. पंपाच्या पिस्टनभोवतीच्या सूक्ष्म फटींतून इतके पातळ ऑइल सहज निसटते. परंतु हाच फरक दिवसागणिक वाढत असेल, किंवा त्याच कामाला पूर्वीपेक्षा जास्त येत असेल, तर एक तर उष्णता बाहेर पडत नाही किंवा ती नको तिथे निर्माण होत आहे.

बाहेर न पडण्याचे कारण बहुतेक वेळा कूलरमध्ये सापडते आणि तिथेच सर्वांत जास्त फसगत होते. या यंत्रांत ऑइल कूलर, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर बहुधा एकापुढे एक बसवलेले असतात. बाहेरून दिसणारी जाळी स्वच्छ असते. घाण बसते ती त्यांच्या मधल्या फटींत. माझ्याकडे आलेल्या एका यंत्राची बाहेरची बाजू रोज हवेने साफ केली जात होती, तरीही ते तापत होते. ऑइल कूलर बिजागरीवरून बाजूला फिरवला तेव्हा मागच्या रेडिएटरवर करड्या रंगाचा, बोटभर जाडीचा, नमद्यासारखा थर निघाला. धूळ आणि गवताचे तुसे एका पाझरणाऱ्या जॉइंटच्या ऑइलने घट्ट बांधले गेले होते. तो थर एका तुकड्यात सोलून निघाला आणि त्याच्या पाठीवर रेडिएटरच्या पात्यांची नक्षी उमटलेली होती. त्या यंत्राचाही पंप बदलण्याचे ठरले होते.

म्हणून अंधारात मागच्या बाजूला टॉर्च धरून प्रत्येक कूलरमधून प्रकाश आरपार दिसतो का, ते पाहावे. साफ करताना आधी कोरड्या अवस्थेत, हवेच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने कॉम्प्रेसरची हवा मारावी. धुळीवर थेट पाणी मारले की तिचा चिखल होऊन ती आणखी आत बसते, आणि प्रेशर वॉशरने पाती वाकतात. कूलरच्या कडांना लावलेल्या फोमच्या पट्ट्या शाबूत आहेत का, हेही आवर्जून पाहावे. त्या गळून पडल्या की पंखा बाहेरची थंड हवा खेचण्याऐवजी इंजिनाजवळची गरम हवाच पुन्हापुन्हा फिरवतो. बेल्टवर चालणाऱ्या पंख्याच्या पट्ट्याचा ताण आणि हायड्रॉलिक पंख्याचा पूर्ण गरम असतानाचा वेग तपासावा. कूलरच्या ऑइल आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांचे तापमानही मोजावे. कूलरवरून हवा चांगली वाहत असूनही दोन्हींत फरक जवळजवळ नसेल, तर बायपास व्हॉल्व्ह (ऑइलला कूलर टाळून पुढे नेणारी झडप) उघडा अडकलेला असण्याची शक्यता असते. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा.

आता उष्णता निर्माण होण्याची बाजू. दाबाखालचे ऑइल काम न करता रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणाऱ्या झडपेतून) टाकीत परतते, तेव्हा त्याची सगळी शक्ती उष्णतेत बदलते. बारमधील दाबाला मिनिटाला वाहणाऱ्या लिटरने गुणून ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. २१० बारवर मिनिटाला ६० लिटर ऑइल रिलीफवरून जात असेल, तर २१ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटच्या दहा हीटरांइतकी उष्णता थेट ऑइलमध्ये जाते. त्यामुळे ऑपरेटरच्या सवयी पाहणे भाग आहे: बकेट ढिगात रुतवून लिव्हर धरून ठेवणे, सिलिंडर शेवटाला पोहोचल्यावरही दाब देत राहणे, अटॅचमेंट जोडलेली नसताना तिला ऑइल पुरवणारे ऑक्झिलरी हायड्रॉलिक चालू राहणे. अटॅचमेंटचे ऑइल पाइप जोडणारा क्विक कपलर पूर्ण बसलेला नसला तरी ऑइल अरुंद वाटेने जाते आणि तो कपलर आजूबाजूच्या पाइपापेक्षा बराच गरम लागतो. अटॅचमेंट काढून तेवढाच वेळ यंत्र चालवून पाहणे ही बिनखर्चाची आणि अत्यंत उपयोगी चाचणी आहे.

डावीकडे ओढ घेण्याचा अर्थ डावा ट्रॅक मागे पडतो आहे. इथे हायड्रॉलिकच्या आधी लोखंड पाहावे. ट्रॅक गरजेपेक्षा जास्त ताणलेला असणे, रोलर आणि फ्रेमच्या मध्ये चिखल वाळून दगडासारखा होणे, एखादा रोलर जाम असणे, यांतील कोणत्याही कारणाने त्या बाजूच्या मोटरवर दिवसभर जादा भार पडतो. वीस मिनिटे चालवून दोन्ही बाजूंचे रोलर, आयडलर आणि ड्राइव्ह मोटर यांचे तापमान जोडीजोडीने मोजावे. पार्किंग ब्रेकही विसरू नये. बहुतेक यंत्रांत तो स्प्रिंगने लागतो आणि चार्ज पंपाच्या (ड्राइव्ह पंपाच्या सर्किटला ऑइल पुरवत राहणाऱ्या छोट्या पंपाच्या) दाबाने सुटतो; ऑइल पातळ होऊन चार्ज प्रेशर पडले की ब्रेक अर्धवट घासू लागतो, त्याने उष्णता वाढते आणि दाब आणखी पडतो. या चक्राची सुरुवात कुठून झाली, हे शोधल्याशिवाय एखादा भाग बदलणे व्यर्थ आहे.

या सर्वांत काही सापडले नाही, तरच गेज लावावे. चार्ज प्रेशर थंड असताना आणि पूर्ण गरम झाल्यावर, एकाच आरपीएमला मोजून उत्पादकाच्या किमान आकड्याशी ताडावे. मग दोन्ही ड्राइव्ह मोटरच्या केस ड्रेनमधून (मोटरच्या आत गळलेले ऑइल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून) गरम अवस्थेत किती ऑइल येते, ते फ्लो मीटरने मोजावे. डावीकडून उजवीपेक्षा स्पष्टपणे जास्त येत असेल, तर दोषी डावी मोटर आहे आणि सुचवलेला पंप बदलूनही ओढ तशीच राहील. दोन्हींकडून सारखे आणि मर्यादेत येत असेल, ब्रेक मोकळा असेल आणि चार्ज प्रेशर तरीही गरमीत पडत असेल, तेव्हा संशय पंपावर येतो. तत्पूर्वी पंपाच्या कंट्रोल कॉइलचा, म्हणजे पंप विजेने नियंत्रित करणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्याचा, रोध गरम असतानाही मोजावा. तांब्याचा रोध ८० अंशांच्या वाढीने सुमारे ३० टक्के वाढणे स्वाभाविक आहे. त्याहून फार जास्त वाढला किंवा सर्किट तुटले, तर कॉइल बदलून काम भागते. ही मोजमापे लिफ्ट आर्मला सुरक्षा आधार लावून, अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावीत. दाबाखालची गळती कधीही हाताने चाचपू नये. बारीक धार कातडीतून आत शिरते, म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

आणि पंपच गेला आहे असे सिद्ध झाले, तर जुना फिल्टर कापून त्यात धातूचे कण पाहावेत. कण असतील तर टाकी, होज पाइप आणि विशेषतः ऑइल कूलर आतून फ्लश करावा, अथवा कूलर बदलावा. कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेले जुन्या पंपाचे कण सुटून नव्या पंपात जातात, आणि तो काही तासांतच खराब झाल्याचे मी पाहिले आहे.