आयकियाची कमी किंमत नेमकी कुठून येते?

'आयकिया जगभर इतक्या कमी किमतीत फर्निचर कसे विकू शकते, आणि आपल्याकडच्या फर्निचर दुकानदारांना ते का जमत नाही?' असा तुमचा प्रश्न आहे. फर्निचरच्या व्यापारात मालाची खरेदी आणि वाहतूक सांभाळणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे मी या प्रश्नाकडे त्या बाजूने पाहतो.

या प्रश्नावर साधारणपणे स्वस्त मजुरी, प्रचंड प्रमाणावरील खरेदी आणि चीनमधला माल ही तीन कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण एवढ्याच गोष्टी इतर मोठ्या साखळी दुकानांनाही मिळू शकतात आणि तरीही त्यांना त्या किमतीला पोहोचता येत नाही, म्हणजे उत्तर तिथे संपत नाही. माझ्या मते खरे कारण असे, की या कंपनीने किंमत हा सगळा खर्च मांडून झाल्यावर शेवटी निघणारा आकडा मानला नाही. किंमत आधी ठरते आणि मग त्या किमतीत बसेल अशी वस्तू, असे पॅकिंग, अशी वाहतूक आणि असे दुकान उभे केले जाते. त्यासाठी एरवी दुकानदार करतो ती बरीचशी कामे ग्राहकाकडे सोपवली जातात. माल गोदामातून काढणे, घरी नेणे आणि जोडणे ही ती कामे, आणि त्यांची मजुरी ग्राहकाला कमी किमतीच्या रूपाने परत मिळते.

हे धोरण कोणी एका बैठकीत आखलेले नाही. बहुतेक गोष्टी अडचणींतून सुचलेल्या आहेत. इंग्वार काम्प्राड यांनी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड या गरीब आणि जंगलाच्या प्रदेशात ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला टपालाने किरकोळ वस्तू विकल्या जात. फर्निचर १९४८ मध्ये आले आणि पहिला कॅटलॉग १९५१ मध्ये निघाला. टपालाने विक्री करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी भावयुद्ध सुरू झाले तेव्हा दोन्ही बाजूंचा माल हळूहळू हलका होऊ लागला आणि ग्राहकांचा विश्वास उडू लागला. त्यावर उपाय म्हणून काम्प्राड यांनी १९५३ मध्ये एल्महुल्ट या गावात माल प्रत्यक्ष पाहता येईल अशी जागा उघडली. किंमत कमी का आहे हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासू द्यायचे, ही रीत तेव्हापासून पडली.

पुढे स्वीडनमधील फर्निचर व्यावसायिकांनी त्यांना प्रदर्शनांतून बाहेर ठेवले आणि त्यांना माल देऊ नये म्हणून कारखानदारांवर दबाव आणला. तेव्हा १९६१ मध्ये काम्प्राड पोलंडला गेले. तिथे लाकूड होते, कारखाने होते आणि खर्च स्वीडनच्या मानाने खूपच कमी होता. देशातील स्पर्धकांनी दार बंद केल्यामुळे कंपनीला परदेशातून माल बनवून घेण्याची सवय इतरांच्या कितीतरी आधी लागली. पुरवठादाराला यंत्रे, तंत्र आणि मोठ्या मुदतीची मागणी देऊन बांधून घ्यायचे आणि त्याच्याकडून दर खाली आणायचे, ही खरेदीची पद्धतही त्याच काळात रुजली.

आता त्या प्रसिद्ध चपट्या खोक्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या धोरणाचा कणा तोच आहे. सुटे भाग करून विकलेले टेबल कंपनीने १९५३ मध्येच आणले होते, पण या कल्पनेला पद्धतीचे रूप आले ते १९५६ मध्ये. कंपनीतील डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल गाडीत घालायचे होते आणि ते मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले, असे सांगितले जाते. यातली खरी गोष्ट आमच्या धंद्यातल्या कुणालाही लगेच उमगते. फर्निचरची गाडी वजनाने भरत नाही, ती जागेने भरते. जोडलेल्या खुर्च्या किंवा कपाटे ट्रकमध्ये रचली, तर भाड्याचा मोठा भाग आपण रिकाम्या जागेसाठी देतो. शिवाय पाय मोडतात, कोपरे ठेचतात आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड पडतो तो वेगळाच. तोच माल चपट्या खोक्यात भरला की एका गाडीत कितीतरी पट नग बसतात, गोदामाला कमी जागा लागते, मोडतोड घटते आणि ग्राहक ते खोके स्वतःच्या मोटारीत टाकून नेऊ शकतो. म्हणजे एका निर्णयाने वाहतूक, साठवण, नुकसान, घरपोच सेवा आणि जोडणी या पाच ठिकाणचा खर्च एकदम खाली येतो.

जागेचा हा हिशेब फर्निचरपुरता थांबत नाही. कंपनीच्या 'बँग' नावाच्या साध्या मगाचे उदाहरण व्यवस्थापनाच्या अभ्यासात नेहमी दिले जाते. सुरुवातीला एका पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलण्याच्या फळीवर, ८६४ मग बसत. कडेचा आकार बदलल्यावर १,२८० बसू लागले आणि उंची व कान यांची रचना पुन्हा बदलल्यावर २,०२४. चहा पिणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतका तो फरक आहे, पण एका नगामागचा वाहतूक खर्च त्याने निम्म्याहून अधिक उतरला.

साहित्याच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. १९८० च्या आसपास आलेले 'लॅक' हे छोटे टेबल जाड, भरीव लाकडाचे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पातळ फळ्यांच्या आत चौकट आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी असते. हे तंत्र दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यांतून उचललेले आहे. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, की असे टेबल सागवानी टेबलाच्या जागी ठेवायची वस्तू नाही. त्यावर उभे राहू नये, ते वारंवार खोलून जोडू नये आणि पाण्यापासून जपावे. पण चहाचा कप, दिवा आणि वर्तमानपत्र ठेवण्यासाठी जेवढी ताकद लागते तेवढी त्यात आहे, आणि त्याहून अधिक ताकदीचे पैसे ग्राहकाकडून घेतलेले नाहीत. याला मी निकृष्टपणा म्हणत नाही. गरज मोजून केलेले ते काम आहे.

दुकानाची रचनाही याच विचाराची आहे. स्टॉकहोमजवळ १९६५ मध्ये उघडलेले कंपनीचे मोठे दुकान १९७० च्या आगीनंतर १९७१ मध्ये नव्याने सुरू झाले, आणि ग्राहकाने गोदामात शिरून माल स्वतः उचलायची पद्धत तिथून पक्की झाली. दुकाने शहराबाहेर, स्वस्त जागेत आणि भरपूर पार्किंगसह बांधायची, आत सजवलेल्या खोल्या दाखवायच्या, म्हणजे समजावून सांगणारे विक्रेते कमी लागतात. एवढ्या लांब आलेला माणूस भुकेला परत जाऊ नये म्हणून आत उपाहारगृह, ज्याची सुरुवात एल्महुल्टमध्ये १९६० मध्येच झाली होती.

मालकीच्या रचनेचा उल्लेख फारसा होत नाही, पण तो आवश्यक आहे. ही कंपनी शेअर बाजारात नाही. १९८२ पासून किरकोळ विक्रीच्या मुख्य समूहाची मालकी नेदरलँड्समधील एका प्रतिष्ठानकडे आहे. नाव, संकल्पना आणि मालाची श्रेणी दुसऱ्या एका समूहाकडे आहे आणि दुकाने चालवणारे त्याला विक्रीच्या ३ टक्के रक्कम देतात. या रचनेवर कर वाचवण्याच्या कारणावरून टीका झाली आहे आणि युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये त्याबाबत चौकशीही सुरू केली. मात्र व्यवसायाच्या अंगाने तिचा परिणाम असा, की दर तिमाहीला नफा दाखवण्याचे दडपण राहत नाही. महागाईच्या काळात वाढवलेले भाव खाली आणण्यासाठी दुकाने चालवणाऱ्या मुख्य समूहाने २०२४ च्या आर्थिक वर्षात २ अब्ज युरोंहून अधिक रक्कम खर्ची घातली आणि विक्रीचा आकडा घटू दिला. शेअरधारकांना तोंड द्यावे लागणाऱ्या कंपनीला असा निर्णय घेणे फार अवघड जाते.

कमी किमतीच्या या शोधाने काही ठिकाणी माणसांना फार मोठी किंमत मोजायला लावली, हे वगळून उत्तर दिले तर ते अपुरे ठरेल. शीतयुद्धाच्या काळात पूर्व जर्मनीतील पुरवठादारांनी कंपनीच्या मालासाठी राजकीय कैद्यांना राबवले होते. कंपनीने हे २०१२ मध्ये मान्य केले आणि २०२४ मध्ये पीडितांसाठीच्या निधीला ६० लाख युरो देण्याचे जाहीर केले. १९९० च्या दशकात दक्षिण आशियातील गालिच्यांच्या विणकामातील बालमजुरीवरून कंपनीवर जोरदार टीका झाली. त्यानंतर उत्तर प्रदेशातील गालिच्यांच्या पट्ट्यात युनिसेफसोबत काम सुरू झाले आणि २००० मध्ये पुरवठादारांसाठी लेखी आचारसंहिता आली. दर खाली आणण्याचा दबाव साखळीच्या टोकाशी असलेल्या माणसापर्यंत पोहोचतोच, म्हणून तिथे देखरेख नसेल तर हे धोरण अन्यायाचे साधन बनते, असे मला ठामपणे वाटते.

परदेशात हे धोरण जसेच्या तसे चाललेले नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये पहिले दुकान उघडले तेव्हा पलंग युरोपीय मापाचे होते, त्यावर तिथल्या चादरी बसत नव्हत्या, आणि पाण्याचे ग्लास इतके लहान होते की लोक पाणी पिण्यासाठी फुलदाण्या घेऊन जात. जपानमध्ये कंपनी १९७४ मध्ये गेली, १९८६ मध्ये माघारी फिरली आणि २००६ मध्ये पुन्हा तयारीनिशी आली. चीनमध्ये १९९८ मध्ये पाऊल ठेवल्यावर युरोपात स्वस्त समजला जाणारा माल तिथल्या तरुण नोकरदारांना महाग वाटू लागला. तेव्हा तिथेच माल बनवून घेणे वाढवून किमती पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आणल्या गेल्या.

आता आपल्याकडे येऊ. एका ब्रँडच्या किरकोळ विक्रीत पूर्ण परकीय गुंतवणुकीला जानेवारी २०१२ मध्ये परवानगी मिळाली. ३० टक्के माल देशातून घ्यायची अट त्यासोबत होती. कंपनीचा १०,५०० कोटी रुपयांचा प्रस्ताव २०१३ मध्ये मंजूर झाला, हैदराबादचे दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघडले. हैदराबादला हजारभर वस्तू २०० रुपयांच्या आत ठेवल्या होत्या, आणि गर्दी तर सर्वांनी पाहिली. तरीही २०२३-२४ मध्ये भारतातील विक्री सुमारे १,८०० कोटी रुपये आणि तोटा सुमारे १,३०० कोटी रुपये होता. सुरुवातीच्या मोठ्या भांडवली खर्चाचा यात वाटा आहे, आणि २०२० च्या अर्थसंकल्पात फर्निचरवरचे आयात शुल्क २० वरून २५ टक्के झाले, हेही खरे.

पण मला त्याहून मूलभूत अडचण दिसते. स्टॉकहोममध्ये सुताराची तासाची मजुरी इतकी आहे, की कपाट स्वतः जोडल्याने वाचणारे पैसे कुणालाही जाणवतात. पुण्यात किंवा ठाण्यात सुतार घरी येतो, भिंतीचे माप घेतो, प्लायवूड आणि सनमायका आपल्यासोबत जाऊन निवडतो, आणि बीमखालच्या वाकड्या कोपऱ्यातसुद्धा इंचभर जागा वाया न घालवता कपाट बसवून देतो. इथे ग्राहकाकडे सोपवलेल्या श्रमाचे मोल कमी आहे, त्यामुळे त्या बदल्यात मिळणारी सूटही कमी वाटते. शिवाय मोठ्या खोक्यांसाठी मोटार प्रत्येकाकडे नाही. म्हणून भारतात कंपनीला जोडणीची सेवा द्यावी लागली, घरपोच व्यवस्थेवर भर द्यावा लागला, म्हणजे ज्या खर्चातून ती जगभर सुटली होती त्यातला काही भाग तिला इथे परत अंगावर घ्यावा लागला.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे आपल्या दुकानदारांना हे का जमत नाही, त्याचे उत्तर यातच आहे. ओशिवरा किंवा उल्हासनगरच्या बाजारातील दुकानदार एखादे डिझाइन पाहून तसेच टेबल बनवू शकतो, पण त्याची किंमत उतरवू शकत नाही, कारण ती किंमत टेबलात नाही. ती खोक्याच्या मापात, पुरवठादाराशी केलेल्या अनेक वर्षांच्या करारात आणि तोच नग जगभर लाखोंनी विकण्यात आहे. यातले एकच अंग उचलले, तर हाती फक्त हलका माल उरतो. दुकानदाराने घेण्यासारखी गोष्ट माझ्या मते वेगळी आहे: कपाटाचा आतला सांगाडा ठरावीक तीन-चार मापांत, सुट्या फळ्यांच्या रूपात कारखान्यात तयार ठेवायचा, आणि दर्शनी भाग, कोपऱ्याची भरणी व बसवण्याचे काम ग्राहकाच्या घराप्रमाणे करायचे. प्लायवूडची नासाडी घटते, टेम्पोच्या फेऱ्या कमी होतात, सुताराचे घरातले काम आठवड्यांऐवजी दिवसांत उरकते, आणि मापाप्रमाणे काम हे जे बलस्थान त्या परदेशी कंपनीकडे नाही ते दुकानदाराच्या हातून जात नाही. मॉड्युलर किचनचे काम करणारे आपल्याकडचे बरेच कारखानदार या वाटेने आधीच निघाले आहेत. शयनगृहातील कपाटे आणि मुलांच्या अभ्यासाची टेबले यांत मात्र ही पद्धत अजून फारशी उतरलेली नाही, आणि लहान दुकानदाराला सुरुवात करायची असेल तर मी त्याला तिथूनच करायला सांगेन.