वाचकांचे प्रश्न : हात यंत्राचा, हुकूम कुणाचा?

कृत्रिम हात, मोटरवर चालणारी व्हीलचेअर, मेंदूत बसवलेलं उपकरण यांविषयी किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : धाकट्या भावाचा उजवा हात कोपराखालून गेला. स्नायूंच्या संकेतांवर चालणारा हात बसवलाय. सकाळी छान चालतो, दुपारी घाम आला की मूठ आपसूक उघडते. आता तो फक्त लग्नकार्याला घालतो. सराव कमी पडतोय का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सरावाला दोष देऊ नका, आधी इलेक्ट्रोड बघा. सॉकेटच्या, म्हणजे उरलेल्या हातावर बसणाऱ्या खोळीच्या, आत सहसा स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे दोन इलेक्ट्रोड असतात, एक मूठ मिटणाऱ्या स्नायूंवर आणि एक उघडणाऱ्या. त्यांना मिळणारा संकेत फार तर काही मिलिव्होल्टचा. किंचित घाम आला तर संपर्क उलट सुधारतो. पण इलेक्ट्रोडच्या धातूच्या टिकल्यांमध्ये घामाचा सलग थर झाला की संकेत क्षीण होतो आणि सॉकेट घसरलं की भलताच स्नायू वाचला जातो. मूठ उघडते ती यामुळे.

दुपारी एकदा हात उतरवायचा. हाताचा उरलेला भाग, सॉकेटची आतली बाजू आणि टिकल्या सुती फडक्याने कोरड्या करायच्या. टिकल्यांवर मिठाचा पांढरा थर दिसला तर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं फडकं फिरवायचं. पावडर नको, खोबरेल नको, घाम टिपायला आत मोजाही नको. तिन्ही इलेक्ट्रोड आणि कातडीच्या मध्ये येतात.

एवढ्याने भागलं नाही तर प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा, पण एसीच्या खोलीत कोरड्या हातावर केलेलं सेटिंग मे महिन्यातल्या रत्नागिरीत टिकत नाही. भावाने तासभर हात वापरून, घामेजल्यावर संगणकाच्या पडद्यावर संकेत बघावा: हात खाली सोडून, टेबलावर ठेवून, डोक्यावर उचलून आणि दोन किलोची पिशवी धरून. हाताची ठेवण बदलली की संकेतही बदलतो. स्नायू सैल असतानाच्या खरखरीपेक्षा हुकुमाची मर्यादा, म्हणजे ज्या संकेताला हात हलतो ती पातळी, वर हवी, पण इतकीही वर नको की संध्याकाळी थकलेल्या स्नायूला ती गाठता येणार नाही. दोन्ही स्नायू एकदम आवळून पकड बदलायची सोय चालू असेल तर काही दिवस बंद ठेवा. वजन उचलताना दोन्ही स्नायू नकळत आवळले जातात आणि पकड मधेच बदलते. दोनतीन पकडी पक्क्या बसल्या तरी रोजचं बरंच काम होतं. कॅटलॉगमधल्या डझनभर पकडींचा मोह टाळावा.

स्नायूचा हुकूम आणि हाताची हालचाल यांमधला उशीरही तपासायला सांगा. टॉड फॅरेल आणि रिचर्ड वीअर या संशोधकांनी २००७ मध्ये अशा हातांसाठी १०० ते १२५ मिलिसेकंदांचा विलंब योग्य ठरवला होता. संकेत ओळखण्यात चूक होऊ नये म्हणून यंत्र जास्त वेळ ‘ऐकत’ बसलं की हात सुस्त वाटतो, माणूस आणखी जोर लावतो आणि हातातला प्लॅस्टिकचा पेला चेपतो. शिवाय ‘हे मी केलं’ ही जाणीव वेळेशी बांधलेली असते. मेंदूचे अभ्यासक पॅट्रिक हॅगार्ड यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की स्वतःहून केलेली कृती आणि तिचा परिणाम माणसाला आहेत त्यापेक्षा जवळ घडल्यासारखे वाटतात. मेंदूवर दिलेल्या चुंबकीय स्पंदाने बोट आपोआप हलवलं तेव्हा तेच अंतर उलट लांबलं. ‘हात माझा वाटत नाही’ असं भाऊ म्हणत असेल तर तो रुसवा समजू नका.

प्रश्न : आईच्या व्हीलचेअरला सेन्सर आहेत. माजघराच्या दारात ती आपणहून थांबते. आई म्हणते, खुर्ची माझी की कंपनीची?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : दोन्ही बाजूंच्या चौकटी सेन्सरला अडथळा वाटतात. दारासाठी वेगळा मोड आहे का ते विचारा, नसेल तर सेन्सरचं अंतर कमी करून घ्या. खुर्चीने एकदम थांबण्याऐवजी आधी आवाज द्यावा, मग वेग कमी करावा. मदत बंद करायचं बटण आईच्या बोटापाशी हवं, पाठीमागे ढकलणाऱ्याच्या हाताशी नव्हे. यंत्राने जास्त केलं की माणूस जास्त सुखी होतो, हे खरं नाही. फ्लोरिडात मणक्याला इजा झालेल्यांवर व्हीलचेअरच्या रोबोटिक हाताचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. स्वयंचलित पद्धतीत कष्ट कमी होते, तरी समाधान स्वतः चालवणाऱ्यांना जास्त मिळालं.

जॉयस्टिकचा मधला निष्क्रिय भाग (जिथे ती किंचित हलवूनही खुर्ची हलत नाही), वेग घेण्याची गती, थांबण्याची गती आणि हाताचा कंप गाळण्याचं प्रमाण या चार सेटिंगपैकी एका वेळी एकच बदला आणि दोन दिवस वापरून बघा. कंप फार गाळला तर खुर्ची जड, उशिरा वळणारी वाटते. घरातला आणि अंगणातला असे दोन प्रोफाइल ठेवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर घरातलाच मंद प्रोफाइल बरा. ओटीची पायरी १५ सेंटिमीटर असेल तर १ ला १२ या हिशेबाने उतार १८० सेंटिमीटर लांब लागेल. वीज नसताना खुर्ची ढकलण्यासाठी मोटर सोडवणारी कळ असते, ती उतारावर कधीही वापरू नये. खुर्चीला ब्रेक उरत नाही.

प्रश्न : बाबांना पार्किन्सनसाठी मेंदूत स्टिम्युलेटर (विजेचे स्पंद देणारं उपकरण) बसवलाय. रिमोट मी ठेवतो, त्यावरून रोज वाद.
– एक वाचक, मालवण

उत्तर : रिमोट बाबांना द्या. किती वर-खाली करता येईल याची कक्षा डॉक्टरच आखून देतात, तिच्या आत त्यांनाच ठरवू द्या. कोणत्या वेळी कोणतं सेटिंग आणि चालणं कसं होतं, ते वहीत लिहा. फक्त उपकरण स्वतःहून बंद करू नका. जुन्या रुग्णांत अचानक बंद झाल्यावर ताठरपणा गंभीर थराला जाऊ शकतो. फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी दिलेला शेक) कधीही घ्यायची नाही. डॉक्टरांनी दिलेलं उपकरणाचं कार्ड आधी दाखवा. चार्जिंगचं मॉडेल असेल तर पावसाळ्यात वीज जाण्याआधीच भरून ठेवा.

एक गोष्ट मात्र रिमोटने सुटत नाही. उपचारानंतर कुणाचा खर्च वाढतो, कुणी जुगाराकडे वळतो किंवा विनाकारण चिडतो आणि ते त्याचं त्यालाच जाणवतंच असं नाही. औषधांनीही असं होतं. असं दिसल्यास डॉक्टरांना कुणी कळवायचं, हे बाबा बरे असतानाच त्यांच्याशी बोलून लिहून ठेवा.

प्रश्न : ‘विचारांनी उपकरणं चालवा’ अशी जाहिरात असलेला डोक्याचा पट्टा घ्यावा का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : कवटीवरून मिळणारे मेंदूचे संकेत मायक्रोव्होल्टमध्ये असतात, जबडा आवळला की त्याहून कितीतरी मोठा संकेत उठतो. दुकानात जबडा सैल सोडून स्वस्थ बसा आणि पट्टा काय करतो बघा, मग दात आवळून बघा. दुसऱ्या वेळीच दिवा लागला तर तुम्ही जबड्याने चालणारं बटण विकत घेताय. काहींना तेही उपयोगी पडतं, पण किंमत त्या हिशेबाने द्यावी. अ‍ॅप किंवा इंटरनेटशिवाय तो चालतो का, हेही विचारा. कंपनीने पाठ फिरवली तर काय होतं बघा: अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवायच्या आर्गस टू या उपकरणाचं उत्पादन कंपनीने २०१९ मध्ये थांबवलं. पुढे दुरुस्तीचा आधार संपला, तेव्हा ते उपकरण लोकांच्या डोळ्यांत बसवलेलंच होतं. पट्टा निदान काढून ठेवता येतो.